डबा माझ्याकडेच आहे, शुभा

शुभा, ह्याही वेळी न सांगताच गेलीस. एकदा जमलं म्हणून सवयच लागली की काय तुला?

सोमवारी सकाळी तुझ्या विद्यापीठातल्या ओगावा-सानचा फोन आला. तुझी मैत्रीण म्हणून त्या बाईला एकच नाव माहीत होतं, माझं. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. ती हळू आवाजात, थांबत थांबत बोलत होती, आणि माझं जपानी तुला ठाऊक आहे, भाजी आणि स्टेशन एवढ्यापुरतं. बस-स्टॉप कळलं, हॉस्पिटल कळलं, हृदय कळलं. पुढचं कळेना, म्हणून मी फोन सईच्या कानाला लावला. चौदा वर्षांच्या पोरीला ते ऐकावं लागलं आणि मग मला सांगावं लागलं. "आई, शुमावशी गेली." इथे वाढलेली माझी लेक, मी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी. कित्येक महिन्यांत ती माझ्याशी धड मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य. तेही तू स्वतःच्या मरणाचं करून ठेवलंस.

इथल्या मराठी मंडळाच्या दोन्ही व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तुझा एकच फोटो फिरतोय, गणपतीतला, हिरव्या साडीतला. आमच्या कोबेवाल्यांच्या ग्रुपवर त्यातून ओसाकाचा पुढारी नितीन कापलाय, ओसाकावाल्यांच्या ग्रुपवर मला. दोन्हीकडे शोकसभा आहेत, दोन्हीकडे मी दोन शब्द बोलावेत अशी विनंती आहे. आमच्या कोबेचे नाडकर्णीकाका म्हणाले, "मंजिरी, झालं गेलं विसर. शेवटी आपल्याच होत्या त्या." मी म्हटलं, काका, शेवटी कुठे आपल्या होत्या? शेवटी तर ओसाकावाल्यांच्या होत्या.  मी कुठेच बोलणार नाहीये. लोकांसमोर तुझ्याबद्दल चांगलं बोलायला मला अजून पुष्कळ राग शिल्लक आहे. म्हणून इथे, तुझ्याशीच बोलते.

ग्रुपवर काय तर म्हणे, ब्रिटिश राजकारणाची गाढी अभ्यासक. अगं, तुझा गाढा अभ्यास माझ्या स्वयंपाकघरात झालाय! रविवारी दुपारी क्योतोहून ट्रेनने यायचीस, ओट्याशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडायचीस, आणि मी पोळ्या लाटत असताना इंग्लंडच्या पार्लमेंटमधली रेकॉर्डिंगं लावायचीस. "मंजू, बघ बघ, हा आत्ता आत येईल आणि तिकडे बसेल." तो यायचा. कालपर्यंतच्या आपल्या बाकांकडे न बघता समोरच्या बाकांवर जाऊन बसायचा. नवे लोक त्याची पाठ थोपटायचे, जुने ओरडायचे. मला वाटायचं, एका पक्षातून उठून दुसऱ्या पक्षात बसायचं, ह्यात डॉक्टरेट करण्यासारखं काय आहे? आमच्या महाराष्ट्रात तर माणूस सोड, पक्षच्या पक्ष बसमध्ये भरून हॉटेलात नेतात.

"तसं नाही," म्हणायचीस. "आपल्याकडे रात्री पळतात. इथे भर दुपारी, सगळ्यांदेखत चालत जावं लागतं. जो चालत जातो तो निदान दिसतो तरी. इकडे बसून मनाने तिकडे असणारे जास्त वाईट."

"मग जाऊ दे की. पण आधी खुर्ची सोड, परत निवडून ये, आणि मग जा."

"तिथे कायद्याने सोडावी लागत नाही. लोक माणूस निवडतात, पक्ष नाही."

"मतपत्रिकेवर पक्षाचं नाव कशाला छापतात मग? शोभेला?"

तू हसायचीस. ह्या वादाला उत्तर नव्हतं आणि आपल्याला ते नकोही होतं. दर रविवारी तोच वाद, नवा खासदार. मी पोळी जाळायचे आणि तुझ्या नावाने खडे फोडायचे.

एक गोष्ट मात्र तू मला शिकवलीस, आणि तीच मी तुला कधी माफ करणार नाही. म्हणाली होतीस, "सगळे चालत जाणाऱ्याकडे बघतात. मी त्याच्या शेजारी बसलेल्याकडे बघते. त्याची जागा रिकामी झाल्यावर शेजारच्याचा चेहरा कसा होतो ते बघ." मग तू रेकॉर्डिंग थांबवायचीस, मागे न्यायचीस, आणि आपण दोघी तो शेजारचा चेहरा बघत बसायचो. एकदा एक जाड चष्म्याची बाई होती. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. तू तेवढंच चित्र किती वेळ बघत होतीस.

आणि तो म्हातारा खासदार. लंडनला जाऊन तू त्याला भेटून आलीस, आणि आल्या आल्या बॅग न उघडता माझ्याकडे धावलीस. आयुष्यभर एका पक्षात राहून म्हातारपणी उठलेला. तिथल्या चहाच्या खोलीत म्हणे टेबलंसुद्धा पक्षापक्षांची ठरलेली असतात, कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. उठल्यानंतर पहिल्या दिवशी तो चहाचा ट्रे हातात घेऊन मधोमध उभा राहिला, कुठे बसावं कळेना. तू त्याला विचारलंस, शेजारी बसणाऱ्या मित्राला आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, त्याला सांगितलं असतं तर मी उठलोच नसतो.

"भित्रा मेला," मी म्हटलं होतं.

तू काहीच बोलली नाहीस. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण तू गप्प बसणाऱ्यातली नव्हेस.

पुढच्याच वर्षी मंडळाची निवडणूक आली. ओसाकाच्या आयटीवाल्यांचं म्हणणं, मुलांना जमत नसेल तर गणपतीच्या कार्यक्रमात जपानी चालू द्या. आमचं म्हणणं, रंगमंचावर मराठीच. तू आमच्या बाजूने अध्यक्षपदाला उभी राहिलीस, "मंच मराठीच राहील" असं सगळ्यांसमोर म्हणालीस. मी तुझी प्रचारप्रमुख. कोबेतल्या एकेका घरी फोन केले मी. बँकवाल्या करंदीकरांना तर दोनदा, कारण त्यांना तू फार शहाणी वाटायचीस. मी म्हटलं, शहाणी आहे, पण शब्दाची पक्की आहे. हे वाक्य मी स्वतःच्या जिभेने म्हटलंय, शुभा. अजून माझ्या तोंडात कडू लागतं.

आणि तुला माहीत होतं मला मंच मराठी का हवा होता. संस्कृतीबिंस्कृती नाडकर्णीकाकांसाठी. मला सई हवी होती. शाळा जपानी, मैत्रिणी जपानी, भांडणं जपानी. पण गणपतीच्या नाटुकल्यासाठी तीन आठवडे ती माझ्याशेजारी पलंगावर बसून संवाद पाठ करायची. "आई, 'बावळट' म्हणजे कसं म्हणायचं, रागाने की प्रेमाने?" वर्षातले तेवढे तीन आठवडे माझी लेक माझ्या भाषेत माझी असायची. हे मी फक्त तुला सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

तू निवडून आलीस. मग जपानीच्या ठरावावरची ती सभा. कम्युनिटी सेंटरच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, मध्ये वाट सोडून दोन बाजूंना खुर्च्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी कोबेवाले उजवीकडे आणि ओसाकावाले डावीकडे बसले. तू माझ्या शेजारी. आल्या आल्या माझ्या मांडीवर डबा ठेवलास, तुझ्या आईचा तो स्टीलचा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. "सईला." आत नेहमीप्रमाणे चोवीस तास उघड्या कोनबिनी दुकानातली चॉकलेटं. तुला स्वयंपाकाचं वावडं, आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही हे आईने अंगात भिनवलेलं, म्हणून वर्षानुवर्षं हेच चाललेलं. मी भरून द्यायचे चिवडा, वड्या, गूळपोळ्या, आणि तू भरून द्यायचीस रस्त्यावरच्या दुकानातली चॉकलेटं. मी शिव्या द्यायचे, सई खायची.

चर्चा तापली. डावीकडची एक आई उठून म्हणाली, माझी मुलगी मराठीत अडखळते, तिला हसतात, ती आता यायलाच नाही म्हणते. त्यावर आमचे नाडकर्णीकाका बोलून गेले, "ज्यांना येत नाही त्यांनी प्रेक्षकांत बसावं. प्रेक्षकही लागतातच." आमच्या बाजूला हशा पिकला. मीही हसले असेन. तू उठलीस आणि टॉयलेटला गेलीस.

परत आलीस ती टॉयलेटच्या चपला घालून! हिरव्या, प्लास्टिकच्या, वर मोठ्या अक्षरांत 'टॉयलेट' छापलेल्या. जपानात इतकी वर्षं काढलेली, नव्या येणाऱ्या प्रत्येकाला "त्या चपला तिथेच काढायच्या हं" म्हणून बजावणारी तू, त्या घालून भर सभेत मधल्या वाटेवरून येत होतीस.  "अगं, चपला!" म्हणायला मी तोंड उघडलं. आणि तू डावीकडे वळलीस. त्या आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसलीस.

हात वर झाले. तुझा सोडला तर दोन्हीकडे सारखे होते, आणि तुझा एक हात तिकडे होता. ठराव त्यांचा झाला. अध्यक्ष म्हणून तूच तो जाहीर केलास, खुर्ची न सोडता, आवाज न कापता. तुझ्या इंग्लंडात कायद्याने सोडावी लागत नाही, नाही का! मी मांडीवर तुझ्या आईचा डबा घेऊन, तोंड उघडं टाकून बसले होते, त्या जाड चष्म्याच्या बाईसारखी. आणि तू एकदाही मान वळवली नाहीस. एकदाही. आयुष्यभर परक्या देशातल्या परक्या लोकांचे चेहरे मागे-पुढे करून बघितलेस, आणि माझा बघायची वेळ आली तेव्हा तुला समोरचा फळा बघायचा होता.

त्यानंतर तू आली नाहीस, मी बोलावलं नाही. रविवारी दुपारी स्टूल रिकामं. गणपतीत सईने तिचं काम जपानीत केलं. छान केलं म्हणे. लोक पोट धरून हसत होते. ती काय बोलली ते मी शेजारच्या बाईंना विचारून घेतलं. माझ्या पोटची पोर, आणि तिचा विनोद मला दुसरीने समजावून सांगायचा! तू समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. त्या क्षणी तुझा गळा दाबावासा वाटला मला, हे आज तू नाहीस म्हणून लपवणार नाही.

लोक म्हणत राहिले, तिचं आधीपासून ठरलेलं होतं, नितीनशी साटंलोटं होतं. मी त्यांना एकदाही दुजोरा दिला नाही, आणि त्याचं कारण कोणाला सांगितलं नाही. ठरवून जाणारा माणूस चपला बदलतो, शुभा. तुझं ते टॉयलेटात उभ्या उभ्या ठरलं. पण म्हणून माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो. आधी ठरलेलं असतं तर निदान म्हणता आलं असतं, बाई कपटी निघाली, सुंठीवाचून खोकला गेला. आता काय म्हणू?

डबा माझ्या ओट्यावर होता. भरायचा नंबर माझा होता. कितीदा हातात घेतला. तुझ्यासाठी काही रांधायचं म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जायची, आणि रिकामा तर पाठवायचा नाही. म्हणून तो तसाच राहिला. मनात एवढंच होतं की डबा न्यायला तरी येशील. आईचा आहे, टाकणार नाहीस. तूच सांगायचीस ना, उठून गेलेल्यांतले काही परत येतात. जाताना भाषण करतात, येताना मात्र काही बोलत नाहीत, मागच्या बाकावर गुपचूप येऊन बसतात, आणि कोणीतरी सरकून जागा देतं. मी सरकले नसते, असं समजू नकोस. चार शिव्या दिल्या असत्या आणि सरकले असते.

तुझ्या भावाला नाशिकहून व्हिसा मिळेना. व्हिडिओवर रडत म्हणाला, "ताई, तिथे जे करतात तेच करा, तुम्ही आहात म्हणजे घरचं माणूस आहे." घरचं माणूस! मी पहाटे उठून नारळाच्या वड्या केल्या. तुझ्या नावाने शिव्या घालत केल्या, पाक दोनदा बिघडवला, आणि तिसऱ्यांदा जमला तो तुला आवडतो तसा, जरा ओलसर. डबा भरला आणि क्योतोची ट्रेन धरली.

इथे पेटीत माणसाबरोबर त्याच्या आवडीचं काहीबाही ठेवू देतात. मी डबा पुढे केला तर तिथल्या पांढऱ्या हातमोज्यांच्या माणसाने वाकून, फार नम्रपणे हात आडवा केला. सईने सांगितलं, "आई, धातू नाही चालत. जळणारंच पाहिजे." इथल्या कचरा उचलण्याच्या दिवसांसारखं, जळणारं वेगळं आणि न जळणारं वेगळं. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी फुटले. त्याने पांढरा कागद दिला. त्यावर मी वड्या काढल्या आणि तुझ्या उजव्या हाताशी ठेवल्या. सईने तुळशीचं पान तुझ्या ओठांवर ठेवलं आणि तुझ्याशी काहीतरी बोलली. जपानीत. मी तिला टोकलं नाही, टोकायची ती वेळ होती का?

मग अस्थी. दोघांनी मिळून, लांब काड्यांनी, एकच हाड दोन्हीकडून धरून उचलायचं आणि कलशात ठेवायचं, ही इथली रीत. त्या माणसाने जोड्या लावल्या. माझ्याबरोबर कोण, तर नितीन! मी "नको" म्हणणार होते, पण त्या खोलीत नको म्हणायला तोंड उघडेना. त्याला काडी नीट धरता येईना. काडी जरा सैल पडली असती तर तू खाली पडली असतीस, म्हणून मी माझी घट्ट धरली आणि त्याला म्हटलं, "नीट धरा." आमच्यात झालेलं ते पहिलं बोलणं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम तशा आमच्यात येतील हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं? मी तर नंतर त्यांना म्हटलं होतं, मंजिरीताईंशी मी बोलतो, मिटवून टाकू. तर म्हणाल्या, नको, माझा डबा आहे तिच्याकडे." मग त्याने विचारलं, "कसला डबा, ताई? मला तेव्हा काही कळलंच नाही."

मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला कळण्यासारखं नव्हतं.

म्हणजे तूही वाट बघत होतीस. मी डबा भरून पाठवेन म्हणून. तू तिकडे, मी इकडे, आणि मध्ये अर्ध्यापाऊण तासाची ट्रेन. काय म्हणावं ह्याला, कप्पाळ! आणि मला का नाही सांगितलंस ह्याचं उत्तर तू मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडून कधीच देऊन ठेवलं होतंस, हे मला परतीच्या ट्रेनमध्ये कळलं. मला सांगितलं असतंस तर तू उठली नसतीस. असेल. खरंच असेल. मी तुझा पदर धरून तुला खाली बसवलं असतं. पण हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं गं! परक्या माणसाचं वाक्य मी तुझं म्हणून किती दिवस उराशी धरू? तोंड होतं ना तुला? भर सभेत चालायला पाय होते, कोसळलीस त्या बस-स्टॉपवरून माझ्याकडे यायला नव्हते?

आणि अजूनही सांगते, तू चुकलीस. खुर्ची सोडायला हवी होती. आता उलट बोलायला तू नाहीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही. मी बसले होते तिथेच बसलेय.

घरी आल्यावर सईने ट्रेनमधली पिशवी उघडली, डबा धुतला, पुसला, आणि झाकण उजेडात धरून तुझ्या आईचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं. मराठीत. मग विचारलं, "आई, हा कुठे ठेवू?"

मी म्हटलं, ओट्यावरच राहू दे. वड्या पोचल्यात तिला. आता भरायचा नंबर तिचा आहे.